मुंबईंतील गरोदर स्त्रियांचा पांडुरोग व डॉ. ल्यूसी विल्स ह्यांचें संशोधन

इतिहाससंशोधनाच्या त्रैमासिकांत पांडुरोगावरील लेख पाहून कांहीं वाचकांस आश्चर्य वाटेल. सनदा, महजर, निवाडपत्रें व शकावल्या ह्यांच्या पंक्तीस रक्तपरीक्षेचीं कोष्टकें कशास बसवावयाचीं, असा प्रश्न त्यांच्या मनांत येणें साहजिक आहे. आमचें उत्तर एवढेंच कीं, कागदाचें ऐतिहासिक मोल त्याच्या विषयावर ठरत नाहीं. तो कोणत्या काळीं, कोणीं, कशासाठीं लिहिला आणि दुसरीकडे न मिळणारी कोणती हकीकत त्यांतून मिळते, ह्यावर तें ठरतें. सन १९२८ पासून पुढें दहा वर्षांत मुंबईंतील गरीब गरोदर स्त्रियांच्या रक्ताविषयीं व अन्नाविषयीं जे कागद निर्माण झाले, ते ह्या कसोटीस पूर्णपणें उतरतात. त्यांतून जो शोध निघाला त्याचा लाभ आज जगांतील कोट्यवधि मातांस मिळत आहे. त्या शोधाचा वृत्तांत मराठींत संकलित करावा, प्रचलित हकीकतींत शिरलेले एकदोन गैरसमज साधनांशीं ताडून दूर करावे, आणि ज्या स्त्रियांच्या देहावर हा शोध उभा आहे त्यांच्याविषयींचीं अस्सल साधनें जपण्याची जबाबदारी कोणाची, ह्याचा विचार करावा, हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

साधनांचा विचार

ह्या प्रकरणाचें मुख्य साधन म्हणजे ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’ ह्या नियतकालिकांत सन १९३० पासून क्रमशः प्रसिद्ध झालेली विल्स व त्यांचे सहकारी ह्यांची लेखमाला होय. तिला जोडून विल्स ह्यांचा जून १९३१ च्या ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधील निबंध व सन १९३७-३८ मधील इंग्लंडांत छापलेले लेख वाचावे लागतात. ह्यांशिवाय विल्स ह्यांनीं हिंदुस्थानांतून आपल्या घरीं लिहिलेलीं पत्रें असून त्यांचा उपयोग पुढील चरित्रकारांनीं केला आहे.

येथें एक भेद वाचकांनीं लक्षांत ठेवावा. छापील निबंध हा आमच्या परिभाषेंत गोषवारा होय. त्याचे अस्सल कागद म्हणजे रुग्णालयांतील खाटेच्या उशाशीं लटकणारे तक्ते, रक्तपेशी मोजल्याच्या नोंदी आणि घरोघर जाऊन ‘काल काय खाल्लें’ असें विचारून भरलेल्या चिठ्या. गोषवारा कितीहि प्रामाणिक असला तरी त्यांत लिहिणाऱ्यास जेवढें महत्त्वाचें वाटलें तेवढेंच येतें. हा भेद मनांत धरूनच पुढील मजकूर वाचावा अशी विनंति आहे.

सन १९२८ ची मुंबई

विल्स मुंबईस आल्या तें सन १९२८ हें वर्ष शहराच्या इतिहासांत गिरणी कामगारांच्या मोठ्या संपाचें वर्ष म्हणून प्रसिद्ध आहे. एप्रिलांत सुरू झालेला हा संप ऑक्टोबरपर्यंत चालला. गिरण्यांतील कामगारांपैकीं सुमारें एक पंचमांश स्त्रिया असत व त्यांचें काम मुख्यतः सूत गुंडाळण्याच्या खात्यांतून चाले. ह्याच वर्षीं मुंबई कायदेकौन्सिलांत गिरणींतील स्त्रियांस बाळंतपणाची पगारी रजा देण्याच्या बिलाची चर्चा झाली. जुलै महिन्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांनीं त्याचा जोराचा पुरस्कार केला आणि सन १९२९ सालीं तो कायदा मंजूर झाला. तात्पर्य, गरीब आईचें शरीर हा विषय त्या वेळीं एकाच शहरांत कायदेकौन्सिल, गिरणी व प्रयोगशाळा अशा तीन ठिकाणीं एकदमच पुढें आला होता. इतिहासकारांनीं आजवर ह्या तिन्ही ठिकाणांचे कागद वेगवेगळ्या कपाटांत ठेवले आहेत. ते एकत्र वाचले पाहिजेत.

प्रयोगशाळा म्हणजे परळ येथील हाफकिन इन्स्टिट्यूट. प्लेगच्या सांथींत डॉ. हाफकिन ह्यांनीं सन १८९६ सालीं ग्रँट मेडिकल कॉलेजांत सुरू केलेली ही संस्था सन १८९९ सालीं परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसांत आली आणि सन १९२५ सालीं तिला संस्थापकाचें नांव मिळालें. येथें इंडियन रिसर्च फंड असोसिएशन ह्या संस्थेच्या आश्रयानें बाळंतपणांतील मृत्यूंची चौकशी चालू होती. (हीच संस्था पुढें सन १९४९ मध्यें इंडियन कौन्सिल ऑफ मेडिकल रिसर्च झाली.) चौकशीच्या सूत्रधार डॉ. मार्गारेट बाल्फोर ह्या स्कॉटिश बाई सन १८९२ पासून हिंदुस्थानांत वैद्यकी करीत होत्या व स्त्री-वैद्यकीय सेवेच्या मुख्य अधिकारी राहून चुकल्या होत्या. बाळंतपणाच्या सुमारास दगावणाऱ्या अनेक स्त्रिया तापानें वा रक्तस्रावानें न जातां केवळ रक्त पाण्यासारखें होऊन जातात, हें त्यांच्या ध्यानांत आलें होतें. ह्याचा उलगडा करण्यासाठीं त्यांनीं लंडनहून ल्यूसी विल्स ह्यांस पाचारण केलें.

विल्स ह्यांचें पूर्ववृत्त

ल्यूसी विल्स ह्यांचा जन्म १० मे १८८८ रोजीं बर्मिंगहॅमजवळील सटन कोल्डफील्ड येथें झाला. केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजांत त्यांनीं वनस्पतिशास्त्र व भूगर्भशास्त्र ह्यांचा अभ्यास करून सन १९११ सालीं अखेरची परीक्षा दिली. केंब्रिज विद्यापीठ त्या काळीं स्त्रियांची परीक्षा घेई, परंतु त्यांस पदवी देत नसे. तेथें स्त्रियांस पदवीचा पूर्ण हक्क मिळण्यास सन १९४८ साल उजाडावें लागलें. पुढें त्या दक्षिण आफ्रिकेंत गेल्या, महायुद्धाच्या आरंभीं तेथें त्यांनीं शुश्रूषेचें काम केलें, आणि सन १९१५ सालीं लंडनच्या स्त्रियांसाठीं असलेल्या वैद्यकशाळेंत नांव घातलें. सन १९२० सालीं लंडन विद्यापीठाची वैद्यकाची पदवी मिळाल्यावर त्यांनीं व्यवसायाची वाट न धरतां रॉयल फ्री हॉस्पिटलांत गर्भारपणांतील विकारांच्या संशोधनास वाहून घेतलें. मुंबईस आल्या तेव्हां त्या चाळीस वर्षांच्या होत्या. वनस्पतिशास्त्राचा अभ्यास व गर्भवतींच्या रक्ताचा अनुभव अशी दुहेरी तयारी ह्या कामास मिळाली, हें पुढील हकीकतीवरून ध्यानांत येईल.

रोगाचें चुकीचें नांव

हस्तलिखितावर कोणीं मागाहून चुकीचें नांव घातलें म्हणजे पुढील संग्राहक पिढ्यान्‌पिढ्या त्याच नांवानें फसतात, हा आपणां सर्वांचा अनुभव आहे. ह्या रोगाचें तसेंच झालें होतें. वैद्यकाच्या ग्रंथांत त्यास ‘गरोदरपणांतील पर्निशस अॅनिमिया’ असें म्हणत. पर्निशस अॅनिमिया म्हणजे प्राणघातक पांडुरोग; तो युरोप-अमेरिकेंतील वैद्यांच्या चांगला परिचयाचा होता. सन १९२६ सालीं बोस्टनच्या मायनॉट व मर्फी ह्यांनीं रुग्णास रोज भरपूर यकृत खावयास घालून त्या रोगावर मात केल्याचें प्रसिद्ध केलें होतें. दोहों रोगांत रक्तांतील तांबड्या पेशी संख्येनें फार घटतात व आकारानें मोठ्या होतात; म्हणून दोहोंस एकच नांव पडलें.

येथें लोहाच्या उणिवेनें होणारा पांडुरोग ह्याहून अगदीं भिन्न आहे, हें सांगितलें पाहिजे. त्यांत पेशी लहान व फिकट होतात. आपल्या वैद्यांच्या ग्रंथांत पांडुरोगावर मंडूर व लोहभस्म ह्यांचे योग विपुल असून ते ह्या दुसऱ्या प्रकारास लागू पडणारे आहेत. मोठ्या पेशींच्या पांडुरोगावर केवळ लोह चालत नाहीं. जुन्या बाडांत पांडुरोगावरील एखादी पालेभाजी वा काढा सांपडला म्हणून आपल्या पूर्वजांस पुढें वर्णिलेलें तत्त्व ठाऊक होतें, असें विधान करण्याचा मोह संशोधकांनीं आवरावा. निरनिराळे पांडुरोग एकमेकांपासून ओळखावयास पेशी मोजाव्या व मापाव्या लागतात, आणि तें साधन आधुनिक आहे.

विल्स ह्यांनीं प्रथम नांवाचीच परीक्षा केली. खऱ्या पर्निशस अॅनिमियांत जठरांतील आम्ल नाहींसें झालेलें असतें. मुंबईच्या रुग्णांत तें जागच्या जागीं होतें. रक्त सारखें दिसे, परंतु रोग निराळा होता. दोन पोथ्यांचें अक्षर सारखें दिसलें तरी कागद व शाई वेगळी निघाल्यावर त्या एकाच हातच्या नव्हेत असें आपण म्हणतों, तसाच हा निर्णय होता.

अन्नाची पाहणी

रोग निराळा, तर कारणहि निराळें असलें पाहिजे. तें शोधण्यासाठीं विल्स ह्यांनीं तळपदे ह्यांच्या सहाय्यानें मुंबईंतील निरनिराळ्या थरांतील स्त्रियांच्या अन्नाची व राहणीची पाहणी केली. तिचा वृत्तांत सन १९३० मध्यें लेखमालेचा दुसरा भाग म्हणून छापला गेला. त्याच वर्षीं बाल्फोर व तळपदे ह्यांचा गिरणींत काम करणाऱ्या स्त्रियांच्या बाळंतपणाविषयींचा स्वतंत्र निबंध ‘इंडियन मेडिकल गॅझेट’मध्यें आला. हे दोन निबंध म्हणजे त्या काळच्या मुंबईंतील गरीब घरच्या चुलीविषयींचे दुर्मीळ लेखी पुरावे आहेत.

पाहणींतून असें दिसलें कीं, ज्या थराचें अन्न जितकें निकृष्ट तितका त्या थरांतील गरोदर स्त्रियांस हा रोग अधिक. आणि दोन्ही गोष्टींत सर्वांत वाईट स्थिति गरीब मुसलमान स्त्रियांची होती. येथें दोन गैरसमज टाळावयास हवेत. पहिला असा कीं, प्रचलित लेखांतून हा सरसकट ‘गिरणी कामगार स्त्रियांचा रोग’ म्हणून सांगण्यांत येतो. गिरणगांवच्या स्त्रिया त्यांत होत्या ह्यांत संशय नाहीं. परंतु पाहणींतील तुलना अनेक थरांची होती, आणि जिला रोगाची झळ सर्वांत अधिक लागली ती स्त्री गिरणींत जाणारीच असे असें नाहीं. दुसरा गैरसमज धर्माविषयींचा. विल्स ह्यांनीं ज्या कारणाचा माग काढला तें ताटांतील अन्न होतें. तशाच ताटावर ठेवलेल्या उंदरांस व माकडांसहि पांडुरोग जडला, हें पुढें दिसेल. आणि त्या प्राण्यांस धर्म नव्हता.

कुन्नूरचे उंदीर

सन १९२९ च्या एप्रिल ते ऑक्टोबर ह्या महिन्यांत विल्स ह्यांनीं आपलें काम निलगिरींतील कुन्नूर येथें पाश्चर इन्स्टिट्यूटांत नेलें. तेथें सर रॉबर्ट मॅक्‌कॅरिसन ह्यांची अन्नसंशोधनाची प्रयोगशाळा होती. सन १९१८ सालीं एका खोलींत बेरीबेरीच्या चौकशीपासून सुरू झालेली ही शाळा पुढें सन १९५८ मध्यें हैद्राबादेस गेली व सन १९६९ पासून राष्ट्रीय पोषण संस्था ह्या नांवानें प्रसिद्ध आहे. विल्स ह्यांनीं पांढऱ्या उंदरांस मुंबईच्या गरीब मुसलमान स्त्रियांच्या धर्तीचें अन्न घातलें. उंदीर पांडुरोगी झाले, आणि गाभण माद्या विण्यापूर्वीच मेल्या. अन्नांत यीस्ट, म्हणजे आंबवण्याचें किण्व, घातल्यास रोग टळे असें दिसलें.

पुरावा इतका सोयीचा असतांना मध्येंच एक अडचण उपस्थित झाली. उंदरांस उवा झाल्या होत्या, आणि उवांच्या द्वारां बार्टोनेला नांवाचा रक्तजंतु त्यांच्या अंगांत शिरला होता. हा जंतु स्वतःच रक्त नासवतो. तेव्हां उंदरांचा पांडुरोग अन्नाचा किती व उवांचा किती, हें सांगणें कठीण झालें. विल्स व त्यांच्या सहकारी मेहता ह्यांनीं हें झांकून ठेवलें नाहीं. लेखमालेच्या चौथ्या भागाच्या मथळ्यांतच बार्टोनेलाचें नांव घातलें. आपल्या क्षेत्रांत आवडत्या पोथींतील प्रक्षिप्त भाग प्रक्षिप्त म्हणून छापणारे संपादक किती निघतात, ह्याचा हिशेब आपला आपणच करावा. उंदरांची साक्ष अशी दूषित झाल्यावर तोच प्रयोग ऱ्हीसस जातीच्या माकडांवर करण्यांत आला. विल्स व बिलिमोरिया ह्यांनीं सन १९३२ मध्यें प्रसिद्ध केल्याप्रमाणें निकृष्ट अन्नावर ठेवलेल्या माकडांस मोठ्या पेशींचा पांडुरोग झाला. उंदरांच्या प्रयोगांतून निघालेला तर्क अशा रीतीनें निराळ्या साक्षीनें दृढ झाला.

यीस्टचा अर्क आणि माकडाची गोष्ट

ह्या शोधाविषयीं लोकप्रिय लेखांतून एक सुरस गोष्ट सांगतात. एक माकड मरणोन्मुख झालें असतां विल्स ह्यांनीं दुसरा उपाय न सुचून त्यास मार्माईट चाटविलें. माकड उठून बसलें, आणि शोध लागला! मार्माईट म्हणजे बियर गाळल्यावर उरणाऱ्या यीस्टपासून काढलेला काळा, दाट, खारट अर्क. सन १९०२ पासून तो इंग्लंडांत बर्टन येथें तयार होऊं लागला असून तिकडील लोक तो पावास लावून खातात.

साधनांचा क्रम पाहतां ही गोष्ट जशीच्या तशी स्वीकारतां येत नाहीं. यीस्टचा गुण प्रथम उंदरांच्या प्रयोगांत दिसला. त्यानंतर रुग्ण स्त्रियांस यीस्टचा अर्क देऊन आलेला गुण जून १९३१ च्या निबंधांत जाहीर झाला. माकडांवरील निबंध त्यानंतरच्या वर्षाचा आहे. छापण्याचा क्रम हाच घडण्याचा क्रम असतो असें नाहीं, हें आम्ही जाणतों. आणि एखाद्या माकडास अर्कानें गुण आला असणें मुळींच अशक्य नाहीं. परंतु सगळा शोध त्या एका क्षणीं लागला, ही कल्पना मात्र कागदांस धरून नाहीं. रोगाच्या नांवाची परीक्षा, घरोघरची पाहणी, बिघडलेला प्रयोग, त्याची कबुली व नवा प्रयोग अशी ही पायरीपायरीची चढण होती. चमत्काराच्या गोष्टींत तिच्या पायऱ्या पुसल्या जातात आणि त्यांबरोबर तळपदे, मेहता व बिलिमोरिया हीं नांवेंहि पुसलीं जातात. ज्यांनीं चिठ्या भरल्या व पेशी मोजल्या, त्यांस वगळून सांगितलेला इतिहास अपुरा होय.

यीस्टचाच अर्क का निवडला ह्यास व्यवहाराचें कारणहि होतें. यकृताचा अर्क ह्या रुग्णांस लागू पडे. परंतु तो महाग, आणि मांसापासून निघालेला असल्यामुळें अनेकांस न चालणारा. यीस्टचा अर्क स्वस्त होता व त्यांत मांसाचा लवलेश नव्हता. ज्या रोगाचें मूळ दारिद्र्यांत आहे त्याचें औषध दरिद्र्यास परवडणारें असलें पाहिजे, हा विचार त्या संशोधनांत आरंभापासून दिसतो.

एका द्रव्याचीं दोन द्रव्यें

विल्स सन १९३३ मध्यें लंडनला परत गेल्या. सन १९३७ च्या नोव्हेंबरांत त्या पुन्हां हाफकिन इन्स्टिट्यूटांत दहा आठवड्यांसाठीं आल्या. ह्या खेपेस त्यांनीं कराचीपर्यंतचा प्रवास विमानानें केला. ह्या काळांतील प्रश्न सूक्ष्म होता. यकृताचा कच्चा अर्क मुंबईच्या रोगावर चाले व पर्निशस अॅनिमियावरहि चाले. मग दोन्ही रोगांवरील द्रव्य एकच म्हणावें काय? विल्स, क्लटरबक व ईव्हान्स ह्यांनीं लंडनमध्यें केलेल्या कामावरून ह्याचें उत्तर मिळालें. अर्क शुद्ध करीत गेलें म्हणजे पर्निशस अॅनिमियावरील गुण कायम राही, परंतु मुंबईच्या रोगावरील गुण नाहींसा होई. अर्थात् कच्च्या अर्कांत दोन भिन्न द्रव्यें होतीं व शुद्धीकरणांत त्यांतील एक गळून जात होतें. सन १९३८ मध्यें विल्स व ईव्हान्स ह्यांनीं ‘लॅन्सेट’मध्यें रुग्णांवरील अनुभवानेंहि हा भेद दाखविला. जें गळून जाई त्या अज्ञात द्रव्यास लोक कांहीं वर्षें ‘विल्स ह्यांचा घटक’ असेंच म्हणत.

पुढील वृत्तांत थोडक्यांत देतों. सन १९४१ सालीं टेक्सास विद्यापीठांतील मिचेल, स्नेल व विल्यम्स ह्यांनीं चार टन पालकाच्या पानांतून एक आम्ल अंशमात्र वेगळें केलें, आणि पानास लॅटिन भाषेंत ‘फोलियम’ म्हणतात म्हणून त्यास फोलिक आम्ल हें नांव दिलें. सन १९४५ सालीं अमेरिकेंतील लेडर्ली प्रयोगशाळेंत तें कृत्रिम रीतीनें तयार झालें. तेथील संशोधनाचे प्रमुख डॉ. येल्लाप्रगड सुब्बराव हे आंध्रांतील भीमवरमचे व मद्रासच्या मेडिकल कॉलेजचे विद्यार्थी. विल्स ह्यांचा घटक तो हाच, हें त्यानंतर सिद्ध झालें. दुसरें द्रव्य, म्हणजे पर्निशस अॅनिमियावरील, सन १९४८ सालीं हातीं आलें. त्यास ब-१२ जीवनसत्त्व म्हणतात. नवी पेशी होतांना तिच्या केंद्रांतील द्रव्याची दुप्पट भरती व्हावी लागते. फोलिक आम्लावांचून ती होत नाहीं, पेशी दुभंगत नाहीं आणि नुसतीच फुगते. गर्भारपणीं आई व गर्भ दोघांच्याहि पेशी झपाट्यानें वाढत असतात, म्हणून उणीव त्याच वेळीं उघडी पडते.

ह्या द्रव्याचा आणखी एक गुण पुढें प्रकट झाला. गर्भाच्या पाठीच्या कण्याचें व्यंग त्यानें टळतें कीं काय ह्याची सात देशांतील ३३ केंद्रांत परीक्षा होऊन, ज्यांचें आधींचें मूल अशा व्यंगाचें होतें त्या मातांच्या पुढील गर्भांत तें सुमारें ७२ टक्के टळतें, असें सन १९९१ सालीं प्रसिद्ध झालें. सन १९९८ पासून अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत पिठांत फोलिक आम्ल मिसळणें सक्तीचें झालें. भारत सरकारनें सन १९७० सालींच गर्भवतींस लोह व फोलिक आम्ल ह्यांची जोडगोळी देण्याची योजना सुरू केली. विल्स ह्यांनीं सन १९४७ मध्यें रॉयल फ्री हॉस्पिटलांतून निवृत्त झाल्यावरहि जमेका, फिजी व दक्षिण आफ्रिका येथें ह्या विषयाचें काम चालू ठेविलें. १६ एप्रिल १९६४ रोजीं त्या वारल्या.

पुण्याजवळचीं सहा खेडीं

येथेंच लेख संपविला असता. परंतु ह्या प्रकरणास महाराष्ट्रांतच एक उत्तरार्ध आहे. पुण्याच्या के. ई. एम. हॉस्पिटलांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी ह्यांनीं इंग्लंडांतील साउदॅम्प्टन विद्यापीठाच्या सहकार्यानें सन १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गर्भवतींचें अन्न, त्यांचें रक्त व त्यांचीं मुलें ह्यांचा अभ्यास आरंभिला. सन २००१ मध्यें त्यांनीं प्रसिद्ध केलें कीं, ज्या माता हिरव्या पालेभाज्या व फळें वरचेवर खात त्यांचीं मुलें जन्मतः अधिक भरदार होतीं. विल्स ह्यांच्या पाहणीस सत्तर वर्षांनीं मिळालेला हा दुजोरा म्हणतां येईल.

परंतु सन २००८ मधील दुसरा निष्कर्ष निराळ्या दिशेचा होता. ह्या मातांपैकीं सुमारें दोन तृतीयांशांत ब-१२ जीवनसत्त्व कमी भरलें. फोलेटची उणीव मात्र एकीच्याच रक्तांत आढळली. ज्यांचें ब-१२ कमी व फोलेट अधिक, अशा मातांच्या मुलांत सहाव्या वर्षीं मधुमेहाकडे झुकणारीं लक्षणें सर्वांत जास्त दिसलीं. मुंबईंत सन १९३० च्या सुमारास ज्या द्रव्याची वाण होती, तें पुण्याजवळ साठ-पासष्ट वर्षांनीं पुरेसें होतें, आणि विल्स ह्यांनीं ज्यापासून तें वेगळें करून दाखविलें तेंच दुसरें द्रव्य तेथें उणें निघालें! ह्यावरून विल्स ह्यांचा निष्कर्ष खोटा ठरत नाहीं. एका काळच्या एका गांवचा पुरावा दुसऱ्या काळीं दुसऱ्या गांवीं तपासल्यावांचून लागू करूं नये, हा इतिहासाचा पहिला धडा वैद्यकासहि लागू आहे, एवढेंच त्यावरून ठरतें.

उपसंहार

आतां ज्यासाठीं हा लेख लिहिला त्या मुद्द्याकडे वळतों. वरील तुलना आपणांस करतां आली ती कां? दोन्ही ठिकाणीं कोणीतरी गरीब स्त्रीस ‘काय खाल्लें’ असें विचारून उत्तर लिहून ठेवलें म्हणून. मुंबईच्या त्या स्त्रियांचीं नांवें छापील निबंधांत नाहींत; रुग्णाचें नांव न छापण्याचा वैद्यकाचा रिवाज योग्यच आहे. तथापि विल्स ह्यांचें नांव घटकास लाभलें, पानाचें नांव आम्लास लाभलें, आणि जिच्या रक्तांतून दोन्ही निघालीं ती स्त्री कोष्टकांतील एक आंकडा होऊन राहिली, हें लक्षांत आल्यावर इतिहासाच्या अभ्यासकास स्वस्थ बसवत नाहीं. पेशवाईंतील एखाद्या कुणबिणीच्या पोटगीचा चारओळी कागद सांपडला तर आपण तो आदरानें छापतों. कारण त्या थरांतील माणसाची लेखी आठवण क्वचितच उरते. परळच्या व गिरणगांवच्या चाळींतून रुग्णालयांत आलेल्या स्त्रीचा अन्नाचा तक्ता ह्याहून कमी मोलाचा कसा?

जुन्या कागदांच्या शोधांत हिंडणाऱ्यांस रद्दीच्या दुकानांत दवाखान्यांच्या वह्या पुष्कळदां दिसतात. आम्हांसहि त्या दिसल्या आहेत. आणि मोडी रुमालांच्या आशेनें त्या बाजूस सारण्याचा प्रमाद आमच्याहि हातून घडला आहे, हें येथें कबूल करतों. बाळंतपणाच्या खोलीची नोंदवही, सुईणीची टिपणवही, प्रसूतिगृहाच्या कोठीचा जमाखर्च, गिरणींतील दवाखान्याची रोजकीर्द, मुलांच्या वजनाचे तक्ते हीं सर्व इतिहासाचीं साधनें आहेत. कोठीच्या जमाखर्चांत पालेभाजी किती आणे महिना येई, एवढी नोंदहि एखाद्या संशोधकास शंभर पानांच्या अहवालापेक्षां अधिक सांगून जाईल. अशा वह्यांत व्यक्तींचीं नांवें व त्यांचे आजार असतात, म्हणून त्या प्रसिद्ध करतांना नांवें गाळावीं आणि मूळ वही जाणत्या संस्थेच्या हवालीं करावी, हें पथ्य कटाक्षानें पाळलें पाहिजे. परंतु नांवें गाळणें निराळें, आणि वही लगद्यांत जाऊं देणें निराळें.

आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं कोणी वैद्य, डॉक्टर, परिचारिका वा सुईण होऊन गेली असेल, त्यांनीं माळ्यावरील पेटी एकदां उघडून पाहावी, एवढीच विनंति करून हा लेख पुरा करतों.